कानातलं गाठोडं

खेळ मला पुष्कळ येतात. तेहतीस वर्षं पहिली ते चौथीची पोरं सांभाळलीत, गंमत नाही. एका खोलीत साठ जणं, त्यातल्या दहांना शू लागलेली, विसांना भूक लागलेली आणि उरलेल्यांच्या अंगात आलेलं, अशा वेळी कुणी नुसती पट्टी दाखवून वर्ग गप्प बसवून दाखवावा, मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन. तिथं खेळच लागतो. परवा जवळच्या शाळेतली एक नवी बाई, वयानं माझ्या नातीएवढी, वही-पेन घेऊन घरी आली. म्हणाली, "आजी, जागेवर बसून, फारसं सामान न लागता, सगळ्या वर्गाला खेळता येतील असे खेळ सांगा ना. ट्रेनिंगमधे सांगतात ते सगळे इंग्रजी नावाचे, पोरं नुसती बघत बसतात." मी तिला चहा दिला आणि सांगत सुटले. चिमणी उडं, कावळा उडं, म्हैस उडं. म्हशीला ज्याचा हात वर गेला तो बाद. सातची टाळी, म्हणजे आकडे म्हणत जायचे आणि सात किंवा साताच्या पाढ्यातला आकडा आला की तोंड बंद, नुसती टाळी. ताटात पंधरा वस्तू मांडून वर रुमाल टाकायचा आणि काय काय होतं ते गटानं आठवायचं. मामाचं पत्र, राजा-चोर-शिपाई, मुक्याची बातमी. असे तेवीस खेळ तिनं उतरून घेतले. चोविसावा मी सांगितला नाही. खरं तर तो सगळ्यांत सोपा. त्याला काही म्हणजे काही लागत नाही आणि पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. पण तेहतीस वर्षांत मी तो एकदाही घेतला नाही. का ते आज लिहून टाकते, नाहीतर ते माझ्याबरोबरच जायचं.

मी चौथीत होते तेव्हा आम्ही सोलापुरात गिरणीच्या मागच्या बोळात राहत होतो. मंगळवेढ्याकडचं गाव सोडून आलेलो. अण्णा यंत्रमागाच्या शेडवर कामाला. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा, आणि दोन्ही बाजूंना मागच माग, त्यामुळे खटक्-खटक् दिवसभर. पाहुणे आले की म्हणायचे, तुम्हाला झोप कशी येते या आवाजात? आम्हाला उलट सुटीच्या दिवशी माग बंद पडले की चुकल्यासारखं व्हायचं. घरात जेवण साधंच. आई आठवड्याच्या कडक भाकऱ्या करून दुरडीत रचून ठेवायची, त्या चुरून वर डाळ ओतायची, शेंगांची चटणी आणि कांदा. ती चटणी आई उखळात कुटायची आणि तेल सुटलं की मला हाक मारायची, उखळ पुसून खायला. आता मिक्सरमधली चटणी खाताना मी घरात सगळ्यांना हे ऐकवते आणि सगळे उठून जातात.

आई विड्या वळायची. आमच्या बोळातल्या बहुतेक बाया वळायच्या. विडी कारखान्याची ब्रँच चौकापलीकडे होती. तिथनं पान आणि तंबाखू मोजून मिळायचा, घरी वळायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कट्टे बांधून नेऊन द्यायच्या. ज्या बाईच्या नावाचं कार्ड तिलाच माल मिळे. आईला हे काम शिकवलं शेजारच्या नरसम्मा अत्तानं. तेलुगू बोलणारी, त्यांच्यात अत्ता म्हणजे आत्या; मोठ्या कुंकवाची, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. आम्ही गावाकडनं आलो तेव्हा तिनंच आईला हाताला धरून ब्रँचवर नेलं होतं. दुपारी अत्ता आपलं सूप घेऊन आमच्या उंबऱ्यात यायची. आई, माझी थोरली बहीण अक्का आणि अत्ता अशा तिघी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. ओली पानं कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायचा, गुंडाळी, तोंड दुमडायचं, दोरा. बोटं एकीकडे आणि तोंड एकीकडे. कुणाची सासू कशी, कुणाच्या नवऱ्यानं काय केलं, कोण पोटुशी आहे, कुणाचं लग्न मोडलं, सगळं तिथं निघायचं. माझी शाळा सकाळची. बाराला सुटले की जेवून मीही त्यांच्यात बसायचे. मी नऊ वर्षांची, मला वळायला द्यायचे नाहीत, दोरा बांधायला द्यायचे. पण माझ्यासमोर त्या काही म्हणून लपवायच्या नाहीत. अत्तानं कधी डोळ्यानं खूण केली की "पोरगी हाय", तर आई म्हणायची, "आसू दे की, सुमी आपल्यातलीच हाय." हे वाक्य ऐकलं की मला आपण मोठ्या झाल्यासारखं वाटायचं. आयुष्यात पुढे मला वर्गशिक्षिकेची खुर्ची मिळाली, मुख्याध्यापकांचीही मिळाली, पण त्या उंबऱ्यातल्या जागेइतकी कुठलीच जागा मला लाडकी नव्हती.

आता लाल डब्याचं सांगायला हवं. ब्रँचवर एक चेकर असायचा. तो कट्ट्यांतल्या विड्या तपासायचा आणि खराब म्हणून मूठमूठ बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाट काढलेल्या विड्यांची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही नाहीत. त्या जायच्या कुठं हे बोळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग बायाही काय करायच्या, प्रत्येक विडीत अगदी कणभर तंबाखू कमी भरायचा आणि तो कण बाजूला टाकायचा. आईनं त्यासाठी बिस्किटांचा एक लाल डबा ठेवला होता, देव्हाऱ्याच्या मागे. त्याच्या झाकणाला पोचा पडलेला होता, म्हणून ते लावताना टक् असा आवाज यायचा. आठवड्यातून दोन-चार कट्टे आई स्वतःचे असे वळायची आणि गिरणीच्या फाटकापाशी पानवाल्याला द्यायची. माझ्या वह्या, पेन्सिली त्यातून यायच्या. याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी म्हणणार नाही. पण कारखान्याच्या लेखी ती चोरीच होती, आणि सापडली तर कार्ड जायचं हे आईलाही ठाऊक होतं.

शाळेत आम्हाला चौथीला हिरेमठ बाई होत्या. तोवर मास्तर म्हणजे छडी आणि बाई म्हणजे चिमटा एवढंच आम्ही पाहिलेलं. या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "शनिवारी शेवटचा तास माझा. पुस्तक उघडायचं नाही." आम्हाला खरंच वाटेना. पण पहिल्या शनिवारी पी.टी. संपली, घामेजलेले आम्ही वर्गात आलो, आणि बाईंनी सतरंजीवर सगळ्यांना गोल बसवून चिमणी उडं घेतलं. अहो, बाई स्वतः खेळल्या! म्हशीला मुद्दाम हात वर केला आणि बाद झाल्या. मग दर शनिवारी नवा खेळ. आमच्या वर्गात तेलुगू बोलणारी पोरं होती, कन्नड बोलणारी होती, उर्दू बोलणारी होती, मी गावंढळ हाय-न्हायवाली. पुस्तकाच्या तासाला निम्मी पोरं मान खाली घालून असायची, पण खेळात सगळी सारखी. मी पुढं जे काय शिकवलं ते त्या बाईचं पाहून, हे कबूल केलंच पाहिजे. मला त्या इतक्या आवडायच्या की मी घरी आरशापुढं टॉवेलचा पदर घेऊन त्यांच्यासारखी चालून बघायची. बाईंचे यजमान विडीच्या ब्रँचवर मुनीम आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोघांना मी देवळात एकत्र पाहिलं होतं. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात शाळा हे एक गाव असतं आणि ब्रँच हे दुसरं, आणि त्यांच्यामधे एस.टी. धावत नसते.

दिवाळीनंतर बाईंनी एक नवा खेळ काढला. त्याचं नाव कानातलं गाठोडं. सगळ्यांनी गोल बसायचं, डोकं गुडघ्यात घालायचं, डोळे गच्च मिटायचे. बाई एक प्रश्न विचारणार. ज्याला सांगायचंय त्यानं डोळे न उघडता हात वर करायचा. बाई हळूच त्याच्यापाशी येऊन वाकणार आणि त्यानं त्यांच्या कानात सांगायचं. झालं की बाई आपल्या पदराच्या टोकाला एक गाठ मारणार आणि मोठ्यानं म्हणणार, "ऐकलं, बांधलं, विसरलं!" आणि सगळ्या वर्गानं डोळे मिटूनच तीनदा टाळ्या द्यायच्या. एवढाच खेळ. पण त्यात काय जादू होती म्हणून सांगू. पहिल्या दिवशी प्रश्न होता, तुला कशाची भीती वाटते? मी विहिरीची सांगितली. दुसऱ्यांदा होता, तू कुणाला न सांगता काय केलंस? कोण काय सांगायचं कळायचं नाही, पण सांगून झालेली पोरं डोळे उघडल्यावर ओळखू यायची, चेहरे हलके दिसायचे. एका पोरानं सांगताना हुंदका दिला आणि बाईंनी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला, तो आवाज आम्ही सगळ्यांनी गुडघ्यात डोकं घालून ऐकला. घरात माझं ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता? त्या कानापाशी मात्र आपण सांगावं आणि त्यांनी ऐकावं. खेळ संपला की बाई पदराच्या गाठी दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, सगळं इथं आहे. बाहेर जायचं नाही."

त्या शनिवारचा प्रश्न असा होता: तुमच्या घरात सगळ्यांत हुशार कोण, आणि तिनं किंवा त्यानं हुशारीचं काय केलं? मला आधी काही सुचेना. माझ्या पुढं बसणाऱ्या मुलीची आई मॅट्रिक होती आणि रोज पेपर वाचायची, हे ती मुलगी आम्हाला उठताबसता ऐकवायची. माझ्या आईला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा. मला एकदम राग आला. म्हटलं, पेपर वाचला म्हणजे काय मोठी अक्कल? आणि माझा हात वर गेला. बाई आल्या. त्यांच्या अंगाला पावडरीचा वास यायचा. मी त्यांच्या कानात सांगितलं, की माझी आई सगळ्यांत हुशार आहे. चेकर विड्या खातो तर ती कणकण तंबाखू वाचवते, देव्हाऱ्यामागच्या लाल डब्यात टाकते, त्याच्या झाकणाला पोचा आहे, आणि ब्रँचमधे आजवर कुणाला पत्ता लागला नाही. एका दमात सगळं. बाई हसल्या, मला त्यांच्या हसण्याचा श्वास कानाला लागला. "खरंच हुशार आहे हं तुझी आई," त्या पुटपुटल्या. मग गाठ मारल्याचं कळलं आणि "ऐकलं, बांधलं, विसरलं." मी तीन टाळ्या सगळ्यांत मोठ्यानं दिल्या. घरी येताना मी उड्या मारत आले. माझ्या आईची हुशारी शेवटी कुणाला तरी कळली होती.

सोमवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे आईबरोबर ब्रँचवर गेले. माझ्या डोक्यावर कट्ट्यांची छोटी पाटी, आईच्या डोक्यावर मोठी, पुढं नरसम्मा अत्ता. ओसरीत तीसेक बाया रांगेनं उकिडव्या बसलेल्या. चेकर एकेकीचा माल बघत होता. आमचा नंबर आला तसे आतल्या टेबलामागनं मुनीम उठून बाहेर आले. ते कधी उठायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "शेवंताबाई, माल राहू द्या. तो डबा आणलाय का?"

आई म्हणाली, "कसला डबा, मुनीम?"

"लाल. देव्हाऱ्यामागचा. झाकणाला पोचा आहे तो."

पोचा हा माझा शब्द होता, देव्हाऱ्यामागचा हाही माझाच. त्या माणसानं आमचं घर कधी पाहिलं नव्हतं. तो माझं बोलणं जसंच्या तसं बोलत होता.

"आसलं काय न्हाय आमच्याकडं," आई म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

"नाही कसं? घरचीच साक्ष आहे की." मुनिमांनी माझ्याकडे बोट केलं. "विचारा लेकीला. तिनंच सांगितलंय शाळेत. हुशार आहे पोरगी तुमची."

तीस बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. आईनंही पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, माराची मला सवय होती. पण ती नुसतं बघत राहिली, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि ते तेच आहे का याची खात्री करून घ्यावी तशी. नरसम्मा अत्ता मात्र तडतडत उठली. "अय्यो! आन् छाट म्हणून रोज मूठ मूठ काढता, त्या विड्या कुठं जातंय, मुनीम? ते कुणाच्या देवामागं ठेवतंय? तेचं बी साक्ष काढा की!" बाया हसल्या, पण दबून, कारण प्रत्येकीच्या घरी एकेक डबा होता. मुनिमांनी अत्ताकडे लक्षच दिलं नाही. आईच्या हातातलं कार्ड घेतलं, खणात टाकलं आणि म्हणाले, "उद्यापासून पान मिळणार नाही. आणि तुमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या नावानं कार्ड निघेल ही आशाही ठेवू नका." हे दुसरं वाक्य अक्कासाठी होतं. अठरा पुरी झाली की तिचं स्वतःचं कार्ड काढायचं, हे आमच्या घरात वर्षभर ठरलेलं होतं. अक्काच्या बोटांचं अख्ख्या बोळात कौतुक होतं, तिचा कट्टा चेकरसुद्धा उलटून बघायचा नाही.

परत येताना आम्ही चौकात आलो. मग आई म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"बाईंना. खेळात."

"खेळात?"

मी रडत रडत सगळा खेळ सांगितला. शनिवारचा तास, गुडघ्यात डोकं, कान, गाठ. "त्या इसरत्यात गं आई, खरंच इसरत्यात. पदराला गाठ मारत्यात आन् इसरत्यात."

आई थांबली. डोक्यावर रिकामी पाटी, एका हातानं धरलेली. म्हणाली, "सुमे, बाजाराला जाताना मी पदराला गाठ मारती ती कशाला गं? इसरायला? आगं, गाठ ध्येनात ऱ्हायला मारत्यात." एवढंच. खरंच की. मीठ आणायचं असलं, कुणाचा निरोप द्यायचा असला की ती गाठ मारायची, हे मी जन्मल्यापासून बघत आले होते. अख्ख्या वर्गातल्या पन्नास पोरांच्या आया गाठी मारत होत्या, आणि आम्हा एकालाही कसं सुचलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बाईंवर विश्वास होता म्हणून सुचलं नाही, दुसरं काय.

रात्रभर मी एकच धरून बसले होते, की बाईंना हे माहीत नसणार. दुसरं कुणीतरी चोरून ऐकलं असणार. सकाळी बाई फळ्यावर सुविचार लिहीत होत्या तेव्हा मी सरळ त्यांच्यापाशी गेले. सगळा वर्ग बसलेला होता. मी म्हटलं, "बाई, लाल डब्याचं मुनिमांना कसं कळलं? आमच्या आईचं कार्ड काढून घेतलं." बाईंचा खडू थांबला. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं आता त्या मला जवळ घेणार. त्यांनी मागं वळून वर्गाकडे पाहिलं. पन्नास पोरं कान टवकारून होती. मग त्या म्हणाल्या, "सुमन, खोटं बोलू नये. तू मला असलं काहीच सांगितलेलं नाहीस." आणि वर, "घरातल्या अशा गोष्टी चारचौघांत बोलू नयेत, एवढं कळायला हवं तुला. जा जागेवर."

मी जागेवर गेले. माझी बाई, जिचा पदर मी आरशापुढं घेत होते, तिनं मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. आईचं कार्ड गेलं ते वाईटच, पण हे मला जास्त लागलं. आणि गंमत बघा, आपण सांगितलंच नव्हतं का, असं मला स्वतःलाच दोन दिवस वाटत राहिलं. आता या वयात मी त्यांच्या जागी उभी राहूनही पाहते. जेवताना नवऱ्याला हसत हसत सांगितलं असेल, आज एका पोरीनं काय सांगितलं माहितीय का? त्यात वाईट हेतू नसेल. वर्गातल्या पोरांच्या गमती मीही घरी सांगितल्यात. नवऱ्यानं त्याचा असा उपयोग करावा हे त्यांना आवडलंही नसेल, पण त्याच्यापुढं बोलायची टाप नसेल. सगळं समजतं मला. पण फळ्यापाशी उभं राहून जे म्हणाल्या ते त्यांच्या नवऱ्यानं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं. लोक म्हणतात म्हातारपणी माणूस माफ करायला शिकतो. मी काही शिकले नाही बाई.

पुढच्या शनिवारी पोरांनी गाठोडं मागितलं आणि बाईंनी ते घेतलं. हात वर झाले, गाठी पडल्या, टाळ्या झाल्या. मी गुडघ्यात डोकं घातलं पण डोळे उघडे ठेवले, माझ्या फ्रॉकची शिवण बघत. बाई माझ्यापाशी आल्या नाहीत. वर्षभर तो तास मी असाच काढला.

आई महिन्याभरात यंत्रमागाच्या शेडवर कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळायला, जाऊ लागली. सकाळी सातला जायची, संध्याकाळी यायची ती कानात मागांचा आवाज घेऊन, हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. अक्का नरसम्मा अत्ताकडे बसून तिच्या कार्डावर वळू लागली. दुपारी मी शाळेतून आले की आमच्या उंबऱ्यात कुणी नसायचं. मला कुणी मारलं नाही, कुणी घालून-पाडून बोललं नाही. अण्णा तर म्हणाले, "लेकराला काय कळतंय?" पण एक झालं. सुटीच्या दिवशी आई आणि अत्ता बोलत बसलेल्या असल्या आणि मी आले, की बोलणं थांबायचं. मुद्दाम नव्हे, आपोआप. आई म्हणायची, "जा, अब्यास कर." मी आत जाऊन पुस्तक उघडायची आणि भिंतीपलीकडं पुन्हा कुजबुज सुरू व्हायची. कुणाला दिवस गेले, कुणाचं भांडण झालं, ते मला आता बोळातल्या पोरींकडनं कळायचं. मी अभ्यास केला, दुसरं करायला होतंच काय. त्या वर्षी मी वर्गात पहिली आले. घरी सांगितलं तर आईनं साखर ठेवली हातावर, आणि भांडी घासायला मोरीत गेली.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट, चौथीचं वर्ष संपत आलं होतं. शनिवार होता. तास संपवून मी बोळाच्या तोंडाशी आले तर नळावर अत्ता घागर भरत होती. मला बघून तिनं दोन्ही हातांनी माझ्या गालांवरनं बोटं मोडली. "काय गं सुमा, आता तुला दाजी आला की! दुधनीचा, अडत दुकानात हाय म्हणे. पोरगं चांगलं दिसतंय."

मी हसले. मला वाटलं चेष्टा करतेय. "कुणाला गं, अत्ता?"

अत्ताचा हात घागरीवर तसाच राहिला. तिला कळलं की मला माहीत नाही. "जा, घरी जा," ती म्हणाली आणि घागर पुरती न भरताच उचलली.

घरात जाजम अंथरलेलं होतं. पानाचं तबक, अर्ध्या कपाएवढा चहा उरलेल्या कपबशा, पोह्यांचा वास. अण्णा पाहुण्यांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेले होते. अक्का आईची हिरवी साडी नेसून, कपाळाला ओलं कुंकू, भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आठवडाभर ती माझ्याशेजारी एका वाकळेत झोपत होती. कुणी बघायला येणार आहे, हे तिला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, नळावर माहीत होतं. आमच्या घरातलं पहिलं लग्न ठरलं होतं आणि मी तेव्हा शाळेत टाळ्या देत बसले होते.

मागच्या मोरीत आई कपबशा विसळत होती. मी तिच्यामागं जाऊन उभी राहिले. "आई, समद्यांना म्हाईत होतं. मला का न्हाय सांगितलंस?"

आईनं बशी पाण्यात बुडवली, पुसली, उपडी ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं इतका तो साधा होता.

"सांगणार हुते की गं," ती म्हणाली. "पन म्हटलं, शनवार हाय. तुमचा खेळ आसतो."